फ्रिजमधलं कोरफडीचं पान

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेली माती, त्याची आधीच माफी मागते. कोणाकडे ते माहीत नाही, कारण ही वही मी कोणाला दाखवणार नाही. कोकणात चौथी झाली आणि शाळा सुटली. मुलांना मराठी समजतं, पण ती वाचतात फक्त हिब्रू.

कोकणातून या ज्यूंच्या देशात आल्यावर आम्ही दक्षिणेला नेतिवोत गावाच्या बाजूला शेतकऱ्यांच्या वस्तीत राहत होतो. घरामागे लहानसा गोठा. त्यातली सगळ्यात चांगली गाय वन्संच्या पैशांनी आणलेली. वन्सं लोद शहरात राहायच्या, त्यांचे यजमान विमानतळावर कामाला. मुलीच्या लग्नाला ठेवलेले पैसे त्यांनी आम्हाला दिले आणि कधी देता म्हणून एकदाही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर त्या गाईच्या दुखण्यात मला इतकं भ्यायला झालं नसतं.

त्या हिवाळ्यात आमच्या यजमानांना मिलुईमचं, म्हणजे फौजेच्या राखीव कामाचं, बोलावणं आलं होतं. ते उत्तरेला लेबनॉनच्या हद्दीवर होते. घरी मी, मुलं आणि सासूबाई.

शुक्रवारी दुपारी त्या गाईच्या मागच्या डाव्या सडातून पाणी आलं, आणि त्यात फाटल्या दुधासारखे गोळे. कास तापलेली, त्या बाजूला दगडासारखी. गावाकडे याला दगडीच म्हणायचे. डॉक्टर शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंतची आमची कामबंदी, लागायच्या आत घाईनं येऊन गेला. सडात औषध सोडलं, दूध टाकीत जाऊ नये म्हणून पायाला लाल पट्टी बांधली, आणि म्हणाला, रविवारी बघतो, अशीच राहिली तर कत्तलखान्यात पाठवावी लागेल. मला खूप विचारायचं होतं. पण परक्या पुरुषाशी बोलायची मला सवय नाही.

शब्बाथचे दिवे लावून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, हळद, चुना आणि कोरफड वाटून लाव. हळद घरात होती. चुना त्यांच्या पानाच्या डब्यात होता. कोरफड शब्बाथला झाडावरून तोडता येत नाही, पण गुडघ्याला लावायला त्यांनी कापून ठेवलेलं एक पान फ्रिजमध्ये होतं. राहिला पाटा. वाटणं म्हणजे काम. कोकणात सासूबाईंच्या वडिलांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी त्यांनी तो कधी फिरवला नाही, आणि मी त्यांच्या लेकीसमोर वरवंटा फिरवायचा? मला वाटलं, इथे मी वरवंटा फिरवीन आणि त्याची भरपाई देव तिकडे उत्तरेला करून घेईल.

"आई, तिकडे ते आहेत," मी म्हटलं.

"अगो, मग शेजारी जाऊन विचार. चौथी शिकलीस, तोंड उघडायला नाही शिकलीस?"

शेजारी मोरोक्कोकडचे एक म्हातारे गृहस्थ होते, सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवायचे. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी नमस्काराच्या शालोमपुढे गेले नव्हते. मोडक्या हिब्रूत कसंबसं सांगितलं. ते जेवणावरून उठले.

"तुझ्या गाईचं दुखणं शब्बाथ पाळतं का?" ते म्हणाले. "नाही ना? मग ऐक. पाट्याला हात लावू नकोस. पानातला गर बोटांनी काढ, बोटानंच कालव. घट्ट लेप नको, पातळ कर आणि वरून ओत. मुक्या जनावराला दुखतंय, देव बघतो आहे."

तसंच केलं. दुखरं सड हातानं जमिनीवर पिळलं आणि चुन्यानं लाल झालेलं हळदीचं पाणी कासेवर ओतलं. गाईनं लाथ मारली, मग उभी राहिली. एकच पान, ते मी पुरवून पुरवून वापरलं. शब्बाथला रेडिओ बंद, फोन बंद. दुसऱ्या दिवसभर कुठेही गाडी वाजली की मला वाटायचं, फौजेची माणसं वाईट बातमी घेऊन आली.

शनिवारी तारे दिसले तशी मी अंगणातली कोरफड तोडून पाट्यावर वाटायला बसले. तेवढ्यात फोन वाजला. माझे हात हळदीनं भरलेले. सासूबाईंनी उचलला आणि माझ्या कानाला लावला.

"गाय कशी आहे?" यजमानांनी विचारलं. त्यांना काही ठाऊक नव्हतं, रोजचंच विचारत होते. मी हळदीच्या हातांनीच फोन घट्ट धरला. ते तिकडून हॅलो, हॅलो करत राहिले.

रविवारी डॉक्टरनं लेपानं लाल झालेली कास पाहून माझ्याकडे पाहिलं. आता ओरडणार म्हणून मी भिंतीला टेकले. त्यानं बोट लावून वास घेतला, ताप पाहिला, उतरला होता. "हे लाव, पण माझं औषध थांबवू नको," एवढंच म्हणाला. गुण त्याच्या औषधाचा की आमच्या हळदीचा, मला आजही सांगता येणार नाही. ते सड पुन्हा दुधाला आलं नाही. गाय तीन सडांवर राहिली, आणि यजमान धडधाकट परत आले.

तीन सडांचंही दूध पुष्कळ होतं. त्यातून वन्संचे पैसे थोडे थोडे फेडत गेलो. शेवटचे पैसे द्यायला मी एकटी बसनं लोदला गेले. मोजून घ्या, मी म्हटलं. वन्संनी न मोजताच कपाटात ठेवले आणि चहा टाकला. सगळे फिटले.