रांजणवाडी आणि फुगा

शनिवारी सकाळी आप्पा जागे झाले, पण त्यांचा उजवा डोळा काही जागा झाला नाही. आरशात पाहिलं तर वरच्या पापणीच्या कडेला लालबुंद, टम्म फोड. बोट लावलं तर ठणका थेट कानापर्यंत.

"रांजणवाडी," सून म्हणाली. ती डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढायची, त्यामुळे या बाबतीत घरात तिचा शब्द शेवटचा.

"आत्ताच सुचलं हिला यायला!" आप्पा कळवळले. "पुढच्या रविवारी फुगा आहे!"

फुगा म्हणजे सलूनवाल्यांच्या संघटनेची वार्षिक शर्यत. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस फासायचा आणि उघड्या वस्तऱ्याने सगळा उतरवायचा. फुगा फुटला की घरी जायचं. मागच्या वर्षी आप्पांचा फुगा शेवटच्या बोटभर फेसावर फुटला आणि ढाल समोरच्या सलूनवाल्याकडे गेली. त्या गड्याने ती काचेत अशी लावली, की आप्पांनी दारात येऊन मान वर केली की तीच दिसावी. वर्षभर आप्पा खाली मान घालून दुकान उघडत होते.

आणि आता एकच डोळा. एका डोळ्याने वस्तरा टेकला की अजून केसभर लांब आहे, ते कळत नाही. पहिल्याच गिऱ्हाइकाच्या गालासमोर तो दोनदा नुसता हवेत फिरला. गिऱ्हाईक अर्ध्या तोंडाला फेस घेऊन उठलं आणि तसंच रस्ता ओलांडून समोर गेलं.

बाकावरच्या मंडळींनी सल्ले दिले. सल्ल्याला मेहनत लागत नाही. एक म्हणाला, अंगठी घासून टेकवा. दुसरा म्हणाला, लसूण चोळा. तिसरा म्हणाला, "आप्पा, एवढ्या लोकांच्या पुटकुळ्या फोडल्यात. ही एक काय जड आहे?"

हे मात्र आप्पांना पटलं. दुपारी दुकान रिकामं झाल्यावर त्यांनी साबणाने हात धुतले, आरशाला नाक लावलं आणि दोन्ही अंगठे पापणीवर नेले.

"आप्पा! खाली घ्या ते हात!" सून जेवणाचा डबा घेऊन दारात उभी होती.

"अगं, हात धुतलेत."

"धुतलेत ते बरं केलंत. आता ते लांब ठेवा. पापणीच्या मुळाशी तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. एखादीचं तोंड बुजतं, जंतू शिरतात, गाठ येते. दाबलीत तर तोच पू आत पसरेल."

"मग लसूण?"

"भाजीत घाला. डोळ्यात घातलात तर पापणी भाजेल. गरम शेक द्यायचा. एका वेळी दहा मिनिटं, दिवसातून चार वेळा."

"दहा मिनिटांत माझी एक दाढी होते!"

"मग समजा, ही दाढीच आहे. बसा."

तिने त्यांना त्यांच्याच खुर्चीत बसवलं. आप्पांनी सवयीने दुकानाच्या टॉवेलला हात घातला, तो तिने हिसकावला. "हा साऱ्या वस्तीच्या गालांवरून फिरलाय. तुमचं कापड वेगळं, आणि रोज धुतलेलं."

पाण्याची उष्णता मनगटावर बघायची, कापड घट्ट पिळायचं, हे आप्पांना शिकवावं लागलं नाही. चुकले ते पुढे. कापड दोन मिनिटांत निवलं तरी ते तसेच पडून राहिले.

"निवलं की पुन्हा बुडवायचं," सून म्हणाली. "गार फडकं डोळ्यावर ठेवून पडलात तर तो शेक नाही, आराम झाला."

आराम हा शब्द आप्पांना झोंबला. त्यानंतर त्यांनी कापड एकदाही निवू दिलं नाही.

एकतीस वर्षांत ते त्या खुर्चीत पहिल्यांदाच बसले होते. मान मागे गेली, उघडा डोळा छताला लागला, आणि आप्पा ओरडले, "अगं बाई! हे काय?" जळमटं हातभर लोंबत होती. मध्ये ओलीचा डाग होता, थेट बसलेल्या म्हशीसारखा.

"गिऱ्हाइकं हे बघत होती?"

"एकतीस वर्षं," सून म्हणाली आणि खो खो हसत बाकावर बसली. आप्पा झाडू आणायला उठले. तिने खांदा धरून पुन्हा बसवलं. "आधी डोळा. मग म्हैस."

तिसऱ्या दिवशी गाठ आणखी फुगली. आप्पांनी सुनेला हाक मारली.

"उतरायच्या आधी कधी कधी वाढते," ती म्हणाली. "लाली गालाकडे पसरली, अंधूक दिसलं, ताप आला किंवा दोन आठवड्यांत हटली नाही, तर डॉक्टर. तोवर शेक."

अंगठे शिवशिवायचे. आप्पा त्यांवर बसायचे. पण शेक एकही चुकवला नाही. सहाव्या दिवशी गाठ आपली आपण फुटली. त्यांनी स्वच्छ कापसाने पू टिपला, दाबलं नाही. रविवारी कडेला जराशी लाली होती, पण डोळा सताड उघडा.

शर्यतीत शेवटी दोघेच उरले, आप्पा आणि समोरचा. आप्पांच्या फुग्यावर गाठीजवळ बोटभर फेस राहिला होता. मागच्या वर्षी इथेच फुटला होता. हात ताठला. अंगठा रबरात रुतू लागला.

"आप्पा, दाबू नका!" सून किंचाळली.

आठ दिवस हेच ऐकलेला अंगठा चटका बसावा तसा सुटला. वस्तरा हलकेच फिरला, फेस उतरला. समोरच्याच्या अंगठ्याला हे शिक्षण नव्हतं. तो दचकला. फाट्! सगळा फेस परीक्षकांच्या मिशीवर.

"ती ओरडली!" समोरचा म्हणाला.

परीक्षकांनी मिशी पुसली. "बरोबर ओरडली. दाबू नका म्हणाली. तुम्ही का दाबलंत?"

सोमवारी दुपारी समोरचा रस्ता ओलांडून आला. त्याने आप्पांची काच पाहिली, भिंती पाहिल्या, बाकाखालीही वाकून पाहिलं.

"ढाल कुठाय हो?"

"दिसेल की," आप्पा म्हणाले आणि खुर्ची झटकली. "बसा. मान मागे टाका."

तो बसला, मान मागे टाकली. छत लख्ख झाडलेलं होतं. आणि बरोबर म्हशीच्या जागी ढाल ठोकलेली होती.