आत्याबाईंच्या हातावर गोंदण का नाही

तर मला हातावर टॅटू हवाय म्हणून काल बाबांशी जे भांडण झालं, त्यात आज आत्याबाई उतरल्या!

आत्याबाई म्हणजे माझ्या बाबांच्या आत्या, माहेर वडनेरचं. बाबा सकाळी परत सुरू झाले, "हातावर काही कोरायचं नाई म्हणजे नाई." तशा त्या म्हणाल्या, "काऊन रे, हात तुहा हाय का?"

आणि त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पुढे केले. त्यांच्या वयाच्या बायकांच्या हातावर हिरवं गोंदण असतंच. यांचे हात कोरे! इतकी वर्षं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आत्याबाई तेव्हा चौदा-पंधराच्या. लग्नाआधी पोरीला गोंदवायची रीतच होती. गोंदणारी बाई अंगणात सुया काढून बसली, आणि यांनी हात पाठीमागे लपवले.

त्यांची आई म्हणाली, "पोरी, दागिने इथंच राह्यतात. मेल्यावर गोंदणच संगं येते."

"माय, मले जित्तेपणी नाई पायजे, मेल्यावर कायले पायजे?"

आई जाम चिडली, कितीतरी दिवस बोलली नाही. पण हात धरून बसवलं नाही. गोंदणारीला पायलीभर ज्वारी देऊन परत पाठवलं.

मग आत्याबाई बाबांना म्हणाल्या, "माह्या मायनं माहं 'नाई' आयकलं. तू इचं 'हो' आयक."

टॅटूचं काय व्हायचं ते होवो, मी या बाईच्या घरातली आहे याचा मला आज भयंकर अभिमान वाटतोय.

तुम्ही सांगा, सतराव्या वर्षी आपल्या हातावर काय असावं, हे कोणी ठरवायचं?