खिडकीच्या गजाला बांधलेली सलाइनची बाटली

मी आयुष्यभर वर्तमानपत्रात बातम्या तपासल्या. भुताखेताची पत्रं आली की टोपलीत टाकायची, हा माझा नेम होता. आज मीच लिहितोय ते हे पत्र तेव्हा माझ्या हाती आलं असतं, तर तेही टोपलीतच गेलं असतं...

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतला एक हरताळ. परळच्या एका इस्पितळातला मुलांचा वॉर्ड, दुपारची वेळ. लालबागच्या चाळीतून माझी चार वर्षांची पुतणी मालू हिला जुलाब-उलट्यांनी आणलं होतं. डोळे खोल गेलेले, हातपाय गार. डॉक्टरीणबाईंना रक्तदाब लागेना. मोठ्या कष्टाने शीर सापडली आणि सलाइन सुरू झालं.

बाटली टांगायचे सगळे स्टँड सकाळपासून आलेल्या जखमींकडे गेले होते. अशा वेळी बाटली घरच्यांनी हातात उंच धरायची, ही तिथली रीत. ती मी धरली. मालूचा फळीला बांधलेला हात वहिनी धरून बसली. डॉक्टरीणबाईंनी बाटलीवर चिकटपट्टी लावून बजावलं, "पाणी इथवर आलं की नळीचा स्क्रू बंद करा आणि मला बोलवा. कमी पडलं तर नाडी जाईल, जास्त झालं तर छातीत पाणी भरेल."

बाहेर अश्रुधूर सुटला. आणखी जखमी आत येऊ लागले. दारातून कोणीतरी मला स्ट्रेचर उचलायला हाक मारली. माझा हात तर बधिर झालेला. शेजारी हिरव्या लुगड्यातली एक बाई उभी होती — बाजूच्या खाटेवरच्या मुलाची आई असावी, असं मी धरून चाललो. ती म्हणाली, "द्या भाऊ इकडे. माझा हात नाय भरून येत."

मी बाटली दिली आणि गेलो.

परतलो तेव्हा बाई नव्हती. बाटली खिडकीच्या वरच्या गजाला हिरव्या चिंधीने बांधलेली. पाणी बरोबर चिकटपट्टीशी थांबलेलं, स्क्रू बंद. वहिनीला विचारलं.

"बाई कुठली, भावोजी? तुम्हीच बांधून गेलात ना?"

तिने मालूवरून नजर काढली नव्हती. मग बाजूच्या खाटेवरच्या मुलाच्या आईला विचारलं, वॉर्डातल्या आयाला विचारलं... हिरवं लुगडं कोणीच पाहिलं नव्हतं. त्या गजाला माझा हात पुरत नव्हता. बाटली उतरवायला बाहेरून स्टूल आणावं लागलं.

डॉक्टरीणबाईंनी मालूची छाती तपासली, नाडी पाहिली आणि पुढचं सलाइन हळू सोडलं. संध्याकाळी मालूने चादर ओली केली. वहिनी ओशाळून चादर ओढू लागली, तर डॉक्टरीणबाई हसल्या. "राहू द्या हो. लघवी झाली, म्हणजे पाणी अंगी लागलं. याचीच वाट बघत होते मी."

मोर्चातून दादा, मालूचा बाप, आला. चिंधी दोन तुकडे जोडून केलेली होती. तो गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. गाठ पाहून म्हणाला, "ही वाइंडिंगमधल्या, सूत गुंडाळणाऱ्या बायांची गाठ. तुटलेला धागा अशी जोडतात. तुला तर चपलेचा अंगठा शिवता येत नाही, ही कुठली येणार?"

गर्दीत कोणी गिरणीकामगार बाई आली असेल, मदत करून गेली असेल... मीही तसंच लिहिलं असतं. पण वहिनी त्या खाटेपासून हातभरही हलली नव्हती आणि तिच्या डोक्यावरच्या त्या गजापर्यंत कोणी चढलेलं तिला कळलं नाही.

आज मालूला नातवंडं आहेत. मध्यंतरी तिने ती चिंधी मागून नेली. धाकट्या नातवाला ताप आला की ती खाटेच्या गजाला बांधते. मी हसतो, तीही हसते. दोन तुकडे जोडणारी ती गाठ मात्र आम्ही दोघांनीही अजून सोडून पाहिलेली नाही.