जिवाणूची पंगत

आमच्या विभागातल्या त्या प्राध्यापकाबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आता तो नाही. कुणी विचारलं तर 'हुशार होता, पण विक्षिप्त' एवढ्यावर मी विषय संपवायचो. विक्षिप्तपणा काय, तर कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बाकाची दोन्ही टोकं मोकळी असली तरी तो नेमका मधे घुसायचा. "सरका की सर!" आम्ही दोन्हीकडे सरकायचो. "बघा, असंच होतंय," तो खूश होऊन म्हणायचा.

'असंच' म्हणजे जिवाणूचं बाहेरचं आवरण वाढतं तसं. ती वाढ तो संगणकावर मांडून बघत होता. नव्वदीचं दशक, विभागात संगणक एकच, तोही परीक्षांच्या निकालात अडकलेला. मोकळा झाला की पडद्यावर याचे ठिपके हलायचे. नवे मधे यायचे, जुने एकमेकांत न मिसळता टोकांकडे ढकलले जायचे.

मी विभागप्रमुख. त्याचा प्रबंध पुढे पाठवणं माझ्या हातात होतं. सगळ्यांसमोर मी विचारलं, "हे सुचलं कुठून?"

"गारगोटीच्या जत्रंत, सर. पंगतीत उशिरा आलेला पावणा टोकाला बसत न्हाय. वळखीचं माणूस बघून मधीच घुसतोय. जुनी मंडळी सरकत्यात की."

"मग जिवाणूला तांबडा रस्सा वाढलात की पांढरा?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं तोच. मी शेरा लिहून प्रबंध परत केला: संगणकातली चित्रं म्हणजे पुरावा नव्हे. वाक्य निर्दोष होतं. त्यातलं गणित मला कळलं नव्हतं आणि हाताखालच्या माणसाला ते विचारणं माझ्या पदाला शोभत नव्हतं, एवढंच मी लिहिलं नाही.

तो नोकरी सोडून गारगोटीच्या शाळेत शिकवायला गेला. काही वर्षांनी एका परिषदेत परदेशी पाहुण्यानं खरे जिवाणू चमकत्या रंगात दाखवले. रंगवलेलं जुनं आवरण दोन्ही टोकांना, मधे नवं. अध्यक्ष मीच. "असा अंदाज आमच्याकडेही होता," मी आभार मानताना म्हणालो. आमच्याकडे म्हणजे कुणाकडे, हे कुणी विचारलं नाही.

पुढच्या जत्रेला गारगोटी गाठली. एसटीत माफीचं वाक्य घोकत होतो. त्याच्या अंगणात पंगत बसली होती. मला बघताच तो ओरडला, "सरका रं, आमचं सर आल्यात!" माणसं दोन्हीकडे सरकली. त्यानं मला आपल्याशेजारी, मधोमध बसवलं.

"तांबडा का पांढरा, सर?"

आवाजात टोमणा नव्हता. असता तर सोपं गेलं असतं. माफीचं वाक्य अगदी ओठांवर आलं होतं.

"तांबडा," मी म्हणालो.