डाव्या खिशातली खार

झरी गावात कूलर दुरुस्त करणारे आणखीही होते. ते पान्हे गोळा करायचे, "झालं बघा" म्हणायचे आणि गाडीला किक मारायचे. बन्सीधरचं तसं नव्हतं. गवत बदललं, पाणी वर चढलं, पंखा फिरायला लागला, की तो तोंडात धरलेले स्क्रू काढून मुठीत घ्यायचा, शर्टाची वरची बटणं उघडायचा आणि कूलरपुढे हात जोडायचेच तेवढे बाकी ठेवून उभा राहायचा. डोळे मिटून हवा छातीवर घ्यायचा. घरातली माणसं गप्प. लेकरंसुद्धा गप्प. मग बन्सीधर नाकानं दोनदा हुंगायचा आणि एकच शब्द बोलायचा, "पास." नाहीतर, "न्हाई." न्हाई म्हटलं की पुन्हा सगळं खोलायचं. पास म्हटल्याशिवाय आत चहाचं आधण चढत नसे.

"हात खोटा हाय, छाती खोटं बोलत न्हाई," हे त्याचं ठरलेलं वाक्य. पण ते तो काम करता करता, ओठांत स्क्रू धरून सांगायचा. त्यामुळे ते "आत ओटा आय, आती ओटं ओलत न्हाई" असं बाहेर पडायचं. गावाला ही भाषा पाठ होती.

शिमगा झाला, ऊन तापलं आणि महारुद्रअप्पांचं बोलावणं आलं. महारुद्रअप्पा म्हणजे गावातले मोठे शेतकरी. त्यांचं प्रत्येक वाक्य "मी काय म्हन्तो" पासून सुरू होई, आणि ते काय म्हणतात याची वाट बघत समोरचा उभा राही.

"मी काय म्हन्तो बन्सी, काल दुपारी डीपीवर धडाम झालं. आख्ख्या आळीची लाइट गेली. लाइनमननं काठीनं खाली पाडली तर काय? खार! एवढीशी खार, आन् रातभर आमी घामाघूम."

बन्सीधरनं "हंऽ" केलं आणि कूलरची मागची जाळी काढली. हिवाळाभर पडवीत पडलेला कूलर. जुनं गवत ओढलं तर त्यातून कापसाचा गोळा निघाला. कापूस, सुतळी, साडीच्या चिंध्या, अप्पांच्या धोतराचा काठ. काठ ओळखून अप्पा काही म्हणणार, तेवढ्यात गोळा हलला.

आत करंगळीएवढं पिल्लू होतं. अंगावर केस नाहीत, डोळे शिवल्यासारखे मिटलेले. पाठीवर मात्र पट्ट्यांच्या पुसट रेघा होत्या. जणू कुणी पेन्सिलीनं आधी आखून ठेवलं होतं, रंग नंतर भरू म्हणून.

"मी काय म्हन्तो, ह्याच्या मायनं लाइट घालवली, हे मोठं होऊन काय काय घालवंल! फेक तिकडं उकिरड्यावर."

बन्सीधरनं त्याला तळहातावर घेतलं. बंद यंत्र दिसलं की हे चालतं कशावर, हा किडा त्याच्या डोक्यात लहानपणापासून वळवळायचा. घरातलं पहिलं घड्याळ त्यानं याच पायी कायमचं बंद पाडलं होतं. आता तळहातावर काहीतरी धडधडत होतं. कुठल्याही पंपापेक्षा भरभर, आणि आवाज नाही. वायर नाही, बटण नाही, दार नाही. मग आत चाललंय काय?

अप्पांची पाठ वळताच त्यानं ते कापसासकट डाव्या खिशात टाकलं, आणि नवं गवत उद्या बसवतो असं सांगून घर गाठलं.

घरी चतुराबाई भाकरी थापत होती. ती नवऱ्याला एका दमात तीन प्रश्न विचारायची आणि उत्तराला जागा ठेवायची नाही. "काय आनलं, कुटून आनलं, कामून आनलं?" मग खिशात डोकावून, "माय माय! उंदीर हाय का? चावतंय का? खातंय काय?"

"खार हाय. माय मेली हिची डीपीवर."

आता पाहुणा घरी आला, तोही अनाथ. बन्सीधरच्या घरात पाहुण्याची एकच बडदास्त ठाऊक होती. त्यानं चपलेच्या खोक्यात कापूस अंथरला, पिल्लू ठेवलं आणि खोकं कूलरच्या बरोबर समोर, जिथं जावयाला बसवतात तिथं मांडलं. जाळ्या सरळ केल्या, पंखा फुल्ल. पिल्लू थोडा वेळ चिंचिं करत राहिलं आणि मग गप्प झालं.

"बग," बन्सीधर समाधानानं म्हणाला, "झोपलं. हवा लागली की कोनी बी झोपतंय."

चतुराबाईनं पिठाचं बोट पुसून त्याला हात लावला आणि ओरडली, "आवो, हे तर माठाच्या बुडासारखं लागायलंय!"

बन्सीधरनं उचललं. धडधड होती, पण दोन ठोक्यांच्या मधे एवढी जागा, की पुढचा येतो की नाही याची वाट बघावी लागत होती. त्यानं भिंतीवरून हाक मारली, "काकूऽ! सुगंधाकाकू, या जरा!"

शेजारची सुगंधाबाई शेळ्या-मेंढ्या राखायची. दिवसभर जनावरांशी बोलून तिला माणसांशीही तसंच बोलायची सवय लागलेली. "हल! सरक तिकडं!" करत ती आत आली, पिल्लू मुठीत घेतलं, मूठ तोंडाशी नेली आणि "हाऽऽ, हाऽऽ" करून ऊन श्वास सोडत राहिली. मधूनच बन्सीधरकडं बघून डोळे वटारत होती, कारण तोंड मोकळं नव्हतं. बऱ्याच वेळानं मुठीत वळवळ झाली, तेव्हा तिचं तोंड मोकळं झालं.

"येडा हायस का रे? करडू जलमलं की आमी पोत्यात गुंडाळतो. भर उन्हाळ्यात बी. आन् तू ह्याला कुल्फीवानी गार केलास!"

"पर काकू, भाईर पत्रा तापलाय. मानूस उकडून निघायलंय..."

"मानसाला उकडतंय. ह्याच्या अंगावर लव तरी हाय का? ह्याला अजून सोताची ऊब करता येत न्हाई. ती माय देती. माय गेली. आता कोन देनार, तुजा पंखा?"

आयुष्यभर माणसांना गार करण्यात गेलेला बन्सीधर हे ऐकून चकितच झाला. गार वाटणं म्हणजेच बरं वाटणं, याच्यापलीकडे त्याचा विचार कधी गेलाच नव्हता. जगात असाही एक जीव आहे ज्याला गारवा मारतो, आणि तो नेमका त्याच्याच घरी आलाय.

सुगंधाबाईनं तिथंच बसून शाळा घेतली. गार पोटात दूध घालायचं नाही, आधी ऊब, मग दूध. दूध शेळीचं, ती देईल. कापसाच्या वातीनं थेंब थेंब, घाई केली तर छातीत जातं. आणि पाजून झालं की ओल्या कापसानं खालच्या अंगाला हळूहळू पुसायचं.

"ते कामून?" बन्सीधरनं विचारलं.

"शेळी करडाला तिथं चाटती, ते काय लाड म्हनून? चाटलं की मुततंय. न्हाई चाटलं तर तुंबून मरतंय."

"म्हंजे नळाचा व्हॉल दाबल्याशिवाय पानीच सोडत न्हाई," बन्सीधर पुटपुटला. त्याच्या चेहऱ्यावर नवीन कंपनीचा पंप खोलल्यावर यायचा तसा उजेड पडला होता. त्यानं लगेच पुसून बघितलं. शर्टाची बाही ओली झाली तेव्हा तो एवढा खूश झाला की चतुराबाईनं कपाळाला हात लावला. "ह्यांच्या लेकरांचं कधी लंगोट बदललं न्हाई ह्यांनी. आन् आता बगा!"

ऊब द्यायची कुणी, हा प्रश्न उरला. चतुराबाईचे हात दिवसभर पाण्यात आणि चुलीत. म्हणून डावा खिसा ठरला. आत कापूस, वर खिशाचं झाकण, शेजारी बन्सीधरचं काळीज. घरचा कूलर बंद. चतुराबाई पदरानं वारा घेत म्हणे, "कूलरवाल्याच्या घरी येऊन बगा म्हनावं गावाला!" पण बटणाला हात तीही लावत नव्हती.

अडचण पुढं आली. सीझन सुरू झाला होता, घरोघरी कूलर खोलले जात होते, आणि प्रत्येक कामाच्या शेवटी बटणं उघडून गार, ओल्या हवेत छाती धरायची वेळ येत होती. पिल्लू पिशवीत ठेवावं तर पान्ह्यांचं लोखंड. उन्हात ठेवावं तर मांजरं. बन्सीधरनं मधला मार्ग काढला. कूलर चालू झाला की तो बाजूला सरकायचा, लांबून हात पुढं करायचा, घटकाभर धरायचा आणि म्हणायचा, "पास."

घरातली माणसं एकमेकांकडं बघायची. चहाचं आधण चढायचं, पण साखर कमी पडायची.

खरं सांगून टाकलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं. पण बन्सीधर गाव ओळखून होता. एकाला कळलं की सगळ्यांना कळणार. आणि उद्या पिल्लू मेलं तर? दारोदार तोच प्रश्न, "काय झालं रे तुज्या लेकराचं?" आणि दारोदार तेच उत्तर द्यायचं. निदान डोळे उघडेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

तोवर हॉटेलात महारुद्रअप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. "मी काय म्हन्तो, बन्सीनं ह्या साली हवा छातीवर घेतलीच न्हाई. मोटारीत खोट हाय, त्येलाच भरोसा न्हाई." एवढं पुरलं. लोक परभणीहून माणूस आणायला लागले. बन्सीधर घरी बसून वात पिळत राहिला. चतुराबाईनं या वेळी एकच प्रश्न विचारला, "ह्याच्यापायी धंदा बुडवनार का तुमी?" उत्तराला जागाही ठेवली. बन्सीधरनं खिशावर हात ठेवला.

अशात बायनाबाईचा कूलर बिघडला. बायनाबाई गावाच्या कडेला, लिंबाच्या झाडाखाली एकटी राहायची आणि समोरचा माणूस चार शेतं पलीकडं आहे असं समजून बोलायची. बन्सीधरनं पंखा चालू केला, हात पुढं केला, "पास" म्हणाला आणि वळला, तर दारात बाज आडवी.

"बन्सीऽऽ! छाती कुटं हाय तुजी?"

"हाय की आत्या, हितंच."

"मंग लाव की हवेला! तुज्या हातावर मी इस्वास ठिवू का? तूच म्हनतूस हात खोटा हाय!"

"आत्या, सर्दी झालीय मला."

"बैसाखात सर्दी?" असं म्हणून तिनं त्याला खांद्याला धरून कूलरपुढे ढकललं. बन्सीधरनं गर्रकन पाठ फिरवली आणि दोन्ही हातांनी खिसा झाकला. बोटांच्या फटीतून एक डोकं बाहेर आलं. आता त्यावर बारीक करडी लव होती. आणि एक डोळा उघडा होता. सकाळी मिटलेला होता. काळा, ओला, मोहरीएवढा. दुसरा अजून बंद. त्या एका डोळ्यानं ते बायनाबाईकडं बघत होतं.

गावात कुणीही कधी ऐकला नव्हता असा आवाज बायनाबाईच्या तोंडून निघाला. ती कुजबुजली. "माय गं. दे हिकडं."

तिनं पिल्लू मानेजवळ पदरात घेतलं आणि भिंतीला टेकून बसली. बन्सीधर तिथंच उभा होता. मग सवयीनं त्याचे हात बटणांकडं गेले. किती दिवसांनी त्यानं डोळे मिटले आणि हवा छातीवर घेतली. दोनदा हुंगलं.

"न्हाई," तो म्हणाला.

"काय न्हाई?"

"कंडेन्सर कमजोर झालाय. पंखा फिरतोय, पर हवेला जोर न्हाई. हाताला कळलं न्हाई, आत्या." आणि मग त्याचा चेहरा पडला. "म्हंजे ते बाकीचे बी..."

गाव खोटं बोलत नव्हतं. त्यानं हातानं पास केलेले सगळे कूलर आता त्याच्यापुढं रांगेनं उभे राहिले.

दुसऱ्या दिवसापासून तो स्वतः होऊन त्या घरांत गेला. दारातच सांगायचा, "माजं चुकलं असंल, परत बघतो. तेवढं हे धरा." आणि खिसा रिकामा करायचा. पिल्लू झरीभर फिरलं. कुणाच्या ओंजळीत, कुणाच्या टोपीत, एका बाईच्या तर अंबाड्याखाली. सगळीकडं त्याच चौकशा, मायची आठवण येती का, नर हाय का मादी, रेघा तीनच कामून. बन्सीधर ठाऊक असेल ते सांगायचा आणि नसेल तिथं "त्येच बगायलोय" म्हणायचा. बहुतेक कूलर बरे निघाले. दोन निघाले नाहीत, त्यांतला एक अप्पांचा.

अप्पांच्या हातावर पिल्लू ठेवलं तेव्हा त्याचे दोन्ही डोळे उघडे होते. "मी काय म्हन्तो..." अप्पांनी सुरुवात केली. पिल्लू त्यांच्या तळहातावर गोल होऊन झोपलं. अप्पांनी वाक्य तिथंच ठेवलं, आणि बन्सीधरचं "पास" येईपर्यंत हात हलवला नाही.

उन्हाळा सरता सरता खिशात शेपूट मावेना. खार आधी खांद्यावर, मग टोपीवर, मग बायनाबाईच्या लिंबावर गेली. तिथं दुसऱ्या खारी होत्या. त्यांनी तिला हुसकलं, ती खाली आली. पुन्हा गेली. संध्याकाळी बन्सीधर झाडाखाली हात पसरून उभा राहायचा आणि ती यायची. मग एका संध्याकाळी आली नाही. तो अंधार पडेपर्यंत थांबला आणि रिकाम्या खिशावरून हात फिरवत घरी गेला.  चतुराबाईनं फक्त कूलर चालू केला.

तिसऱ्या दिवशी बायनाबाईचा फोन आला. फोनशिवायही ऐकू आला असता.

"बन्सीऽऽ! ऐक, झाडाकडं धरते." फोनमधून चिर्रचिर्र असा कल्लोळ आला. "ती वरडायली न्हवं, ती तुजी!"

"कशावरून, आत्या?"

"बाकीच्या मला भेत्यात!"

बन्सीधरनं फोन कानाला घट्ट लावला. त्या कल्लोळातला एकेक आवाज वेगळा काढायला लागला. एक बारीक होता, एक चिडका, एक मधेच थांबून पुन्हा सुरू होणारा. यातली आपली कोणती?

"आत्या," तो म्हणाला, "फोन ठिवू नका. जरा तसाच धरा."