हात न लावणारे गुरुजी

पेंग्विन गुरुजी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला कधी हात लावत नसत. मशीन बंद पडलेलं असो, गिऱ्हाईक दारात उभं राहून कुरकुरत असो, गुरुजींचे दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकलेले. खुर्ची ओढून ते शेजारी बसत आणि म्हणत, "बोट तुझं, मशीन तुझं. मी नुसता बसतो." लिंबागणेशात माझं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. तिथं या माणसानं मला किती वेळा रडकुंडीला आणलं, ते माझं मला माहीत.

गेवराईच्या शाळेत गणित शिकवून गुरुजी निवृत्त झाले, गावी परतले आणि लिनक्सच्या नादी लागले. फुकट मिळणारी, कुणालाही आतून उघडून बघता येणारी सिस्टीम म्हणजे त्यांना देवाघरचा प्रसादच वाटला होता. तिचं चिन्ह पेंग्विन. ते चित्र त्यांनी स्कूटरवर गणपतीच्या शेजारी चिकटवलं, आणि गावानं लगेच बारसं उरकून घेतलं. माझ्या मशीनमध्ये तेव्हा चोरून टाकलेली सिस्टीम होती आणि व्हायरसनं तिचा पार चुथडा केला होता. गुरुजींनी लिनक्स बसवून दिली, म्हणजे माझ्याच हातानं बसवून घेतली.

त्यांचा पहिला मंत्र, "मोठ्यानं वाच." एकदा एका भावी आमदाराच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करायचा होता. बाहेर मोटारसायकली लागलेल्या, कार्यकर्ते तापलेले, आणि फाईल उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा. मी कपाळ धरून बसलो. गुरुजी पडद्यावरच्या छोट्या खिडकीकडे हनुवटी करून म्हणाले, "काय लिवलंय तिथं? मोठ्यानं वाच बे."

"गुरुजी, आता वाचायला वेळ न्हाई."

"वाचायला न्हाई, अन् रडायला हाय का?"

वाचलं. हा फॉन्ट या मशीनमध्ये नाही, एवढंच लिहिलं होतं. "मग? सांगितलं की त्यानं तुला," गुरुजी म्हणाले. जुने फॉन्ट पेन ड्राइव्हवर होते. लपलेली फोल्डरं दिसावीत म्हणून कंट्रोल आणि एच दाबायला लावलं, फॉन्टच्या फोल्डरमध्ये ते टाकायला लावले. फाईल पुन्हा उघडली तर भावी आमदार आपल्या सगळ्या विशेषणांसकट हजर. मी खूश होऊन गुरुजींचे पाय धरायला वाकलो, तर ते चहा सांगायला बाहेर निघून गेले होते.

दुसरा मंत्र, "शेवटचं चालू होतं तवा काय केलतं?" दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझं मशीन वेड्यासारखं करायला लागलं. एक अक्षर दाबलं की प्रोग्राम बंद, दुसरं दाबलं की भलतीच खिडकी उघडायची. सिस्टीमच गेली, असं मी जाहीर करून टाकलं. गुरुजींनी तोच प्रश्न विचारला. मी म्हणालो, काल तर नुसती पूजा केली. त्यांनी वाकून कीबोर्ड पाहिला. कोपऱ्यातल्या कंट्रोलच्या बटणावर मी भक्तिभावानं कुंकवाचं बोट ओढलं होतं आणि वर दिव्याचं तेल सांडलं होतं. बटण दाबलेल्या अवस्थेतच चिकटून बसलं होतं. "देवाला कुकू लाव, मशीनला फडकं लाव," म्हणून गुरुजी पोट धरून हसले. बटण मात्र मलाच काढून पुसायला लावलं.

हेकट तर होतेच. फोनवर कुणी "कॉम्प्युटर खराब झालाय" म्हणून सुरुवात केली की सरळ फोन ठेवून द्यायचे. काय दिसतंय ते सांगा, खराब बिराब म्हणू नका, हा त्यांचा बाणा. घरी काकू करवादायच्या, "जगाची मशीनं नीट करतेत, घरातला मिक्सर दिवाळीपासनं बंद हाय." त्यावर गुरुजी ऐकू न आल्यासारखं करायचे.

परळीपासून गेवराईपर्यंतचे मास्तर लोक त्यांना फोन करायचे. तेच तेच किती सांगणार, म्हणून गुरुजींनी एकेका अडचणीचा उपाय स्वतःच्या आवाजात कॉम्प्युटरवर भरून आमच्या मोबाइलच्या ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. वायफाय लागत नाही, अक्षरं चौकोनी दिसतात, पासवर्ड विसरला. सुरुवात ठरलेली, "घाबरायचं न्हाई. मशीन आपलं वैरी न्हाई." प्रिंटरच्या रेकॉर्डिंगमध्ये तर मधेच काकूंचा आवाज येतो, "च्या ठिवलाय, निवंल." त्यावर गुरुजी, "थांब की, प्रिंटर चालू व्हायलाय." ग्रुपवर आम्ही ते ऐकून फार हसलो होतो.

मग गुरुजींना लकवा मारला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. डोळे तेच होते, हट्ट तोच होता, फक्त बोलणं संपलं.

काही महिन्यांनी काकूंचा फोन आला. गुरुजींचा कॉम्प्युटर उघडत नव्हता. बीडहून आलेला एक जण फॉरमॅट मारावा लागेल, आतलं सगळं जाईल, असं सांगून गेला होता. "ह्यांचा आवाज हाय रं त्यात," काकू म्हणाल्या. आम्ही मोबाइल चाळले. ग्रुपवरची रेकॉर्डिंगं कुणाकडेच उरली नव्हती. जागा भरली की सगळ्यांनी आधी गुरुजींनाच पुसलं होतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

गेलो. पासवर्ड टाकला की पडदा लुकलुकायचा आणि पुन्हा पासवर्डच मागायचा. गुरुजी शेजारच्या खुर्चीत. मी काकूंना विचारलं, "शेवटचं चालू होतं तवा काय केलतं?" गुरुजींचा एक डोळा हसला. काकू म्हणाल्या, "पोरानं नातीच्या लग्नाचा व्हिडिओ टाकला. लई मोठा व्हता." चित्रं बाजूला सारून नुसती अक्षरं दिसणारा काळा पडदा मी उघडला, त्यातून आत गेलो आणि डिस्क बघितली. काठोकाठ भरलेली. बिचाऱ्या मशीनला आत पाय ठेवायलाही जागा नव्हती.

व्हिडिओ काढला की झालं. मुलाला फोन करून त्याच्याकडे दुसरी प्रत असल्याची खात्री केली. पण रेकॉर्डिंगंही त्याच फोल्डरमध्ये होती, आणि काळ्या पडद्यावर पुसलेलं परत येत नाही. एखादं अक्षर चुकलं तर गुरुजींचा आवाज माझ्याच बोटानं जाणार होता. व्हिडिओ पुसायची ओळ टाइप केली, एंटरवर बोट ठेवलं आणि थांबलो. ती मी मोठ्यानं वाचली. गुरुजींनी डाव्या हाताचं बोट पडद्यावर टेकवून अक्षर न् अक्षर तपासलं, ओठ हलवत. मग इतकी वर्षं जे कधी केलं नाही ते केलं. माझा हात बाजूला सारला आणि एंटर स्वतः दाबला.

मशीन उघडलं. रेकॉर्डिंगं सगळी जागेवर होती. त्याच दिवशी त्यांच्या तीन प्रती केल्या.

गुरुजी गेल्या उन्हाळ्यात गेले. परवा घरी गेलो तर काकू कॉम्प्युटरपुढं बसल्या होत्या. मदत करावी म्हणून पुढं झालो. "हात नको लावू, मला येतंय," त्या म्हणाल्या. त्यांनी प्रिंटरचं रेकॉर्डिंग लावलं. त्या घरात प्रिंटर कधीच नव्हता, गुरुजी तो मनातल्या मनात चालू करून सांगत होते. घाबरायचं न्हाई, असं गुरुजी म्हणाले. मग चहा निवायची ती हाक आली, आणि गुरुजी म्हणाले, "थांब की, प्रिंटर चालू व्हायलाय."

"थांबले की," काकू म्हणाल्या.