सासूबाईंनी सोडलेली माझी कॉफी

माझ्या सासूबाई काशीला गेल्या आणि माझी कॉफी सोडून आल्या.

हे सांगितलं की लोक पहिल्यांदा विचारतात, "म्हणजे डबा गाडीत विसरल्या?" नाही हो! काशीला गेलं की एखादी आवडती वस्तू सोडायची, पुन्हा जन्मभर तोंडात घालायची नाही, अशी आपल्याकडे रीत आहे. लोक त्यातही हुशारी करतात. सासूबाईंबरोबर यात्रेच्या बसने गेलेल्या शेजारच्या काकूंनी शेपू सोडला. (काकूंना शेपूच्या नुसत्या वासाने मळमळतं हे अख्ख्या आळीला माहीत होतं, एका गंगेलाच माहीत नव्हतं.) आमच्या सासूबाई मात्र सरळ मनाच्या. त्यांनी खरोखर जीव की प्राण असलेली वस्तू सोडली. फक्त दुसऱ्याची सोडली, इतकंच!

"अगं, गुरुजी म्हणाले, ज्यात जीव अडकलाय ते सोडा," गंगाजलाचा गडू देवापुढे ठेवत त्या म्हणाल्या. "माझा जीव तुम्हा मुलांत. तुझा जीव कॉफीत. म्हणजे शेवटी एकच की!"

"मग स्वतःची तपकीर का नाही सोडलीत?"

"तपकीर औषध आहे."

यावर मी काही बोलणार, तोच त्यांनी डोळ्याला पदर लावला. "वसूचं लग्न जमू दे म्हणून सोडलीय हो, सुमे. आता तू थेंबभर जरी घेतलीस ना, तर..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. आता बोला! वसू म्हणजे माझी नणंद. एम. ए. झालेली, गुणी, हसरी पोर. तीन स्थळं येऊन गेली होती, आणि प्रत्येक वेळी ती मोरीत नळ सोडून रडत बसायची. आम्हाला वाटावं कपडे धुतेय. माझा फार जीव होता तिच्यावर.

"पण आई, निदान मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस? मी गंगामाईला सांगूनच ठेवलंय, सून मनाची जरा कच्ची आहे, सांभाळून घे."

कच्ची? मी? पंचावन्न पोरांचा चौथीचा वर्ग नुसत्या डोळ्यांवर गप्प बसवणारी मी कच्ची? माझं डोकंच फिरलं. "आई, ऐकून ठेवा," मी म्हटलं. "वसूचं लग्न जमो न जमो, आजपासून मी कॉफीला शिवले तर बापाचं नाव लावणार नाही!" (हे दिवसातून पाच कप कॉफी पिणाऱ्या बाईने संध्याकाळी बोलायला हरकत नव्हती. सकाळी बोलले नसते.)

ही नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. पनवेलला वडाळे तळ्याजवळ एका तीन मजली इमारतीत आम्ही राहायचो. खालच्या मजल्यावर एक अम्मा होत्या, त्यांनीच मला कॉफीचा नाद लावला. पहाटे साडेपाचला त्यांच्या स्वयंपाकघरातून जिन्याने वर तो वास यायचा, आणि तो आल्याशिवाय माझा उजवा डोळा उघडत नसे. डावा कसाबसा उघडायचा.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं असं ठणकायला लागलं की बस्स! आत कोणी तरी पाट्यावर वाटण वाटतंय आणि ते काही केल्या बारीक होत नाहीये, असं वाटायचं. तिसऱ्या दिवशी मी दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून शाळेत गेले. चौथ्या दिवशी निकालपत्रकं भरली आणि एका मुलाला चित्रकलेत शंभरापैकी एकशे चार मार्क दिले. मुख्याध्यापकांनी विचारलं तर मीच म्हणाले, "चित्र छानच काढतो तो!"

आमचे हे तसे मवाळ. म्हणाले, "सुमा, अर्धा कप घे गं. मी आईला सांगणार नाही."

"मला कच्ची समजता?" मी ओरडले.

"नाही नाही, चांगली करपलेली आहेस," हे पुटपुटले आणि पेपर घेऊन गॅलरीत गेले.

भांडी घासायला करंजाड्याहून मंजुळा यायची. माझ्या डोक्याला बांधलेला पंचा बघून ती म्हणाली, "वयनी, ह्ये डोक्याचं दुकनं नाय. कोनाची तरी नजर हाय. आमी मिरच्या उतरवतो." तिने सात मिरच्या माझ्यावरून उतरवून शेगडीत टाकल्या. अख्खं बिऱ्हाड खोकत जिन्यात आलं. दहा मिनिटं डोकेदुखी आठवली नाही, हे कबूल करायला हवं. मंजुळा विजयी मुद्रेने म्हणाली, "बगा! गेली ना?" आणि मिरच्यांचा धूर विरताच ती परत आली. डोकेदुखी म्हणतेय मी.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "काही नाही, सवय सुटतेय. त्रास होत असेल तर रोज थोडी थोडी घेऊन कमी करा." थोडी थोडी! असं नेम मोडण्याचं औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरकडे मी पुन्हा गेले नाही.

त्यातच अलिबागहून पत्र आलेलं. सासूबाई परतल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी! मुलगा सुधीर, इंजिनियर. पुढच्या रविवारनंतरच्या बुधवारी तो, आईवडील आणि मामा वसूला बघायला येणार. गंगामाईने इतक्या तातडीने मनावर घेतलं म्हणून सासूबाई हरखून गेल्या. पत्राच्या शेवटी मात्र एक ओळ होती. 'आमच्याकडे चहा कोणी घेत नाही, कॉफी चालेल.'

आमच्या घरात कॉफी करता यायची फक्त मला. सासूबाईंची कॉफी म्हणजे चहात पडलेली कॉफी, आणि वसूला तर त्या दिवशी नेसलेली साडी सांभाळणंच पुरे होतं.

"कर तू," सासूबाई म्हणाल्या. "पण चव घ्यायची नाही हं!"

"वासही घेणार नाही!" मी म्हटलं.

ही प्रतिज्ञा करण्यापूर्वी मी जरा विचार करायला हवा होता. अकराव्या दिवशी, मे महिन्यातल्या दुपारी साडेतीनला, मी दुधाचं पातेलं गॅसवर चढवलं आणि त्यात कॉफीची पूड घातली. वास सुटला! नाकाला ओला रुमाल बांधला, तरी वास आत. खिडकीत तोंड घातलं, तर खालून अम्मांचा वास! आणि मग मला युक्ती सुचली. कॉफीत चिमूटभर जायफळ तर घालतातच. जायफळाचा वास उग्र. म्हणजे जायफळ किसलं की कॉफीचा वास दबणार! किसलं. थोडा दबला. अजून किसलं. अजून दबला. किसता किसता बोटांना किसणी लागली तेव्हा भानावर आले. दोन अख्खी जायफळं संपली होती. पण वास मात्र गेला होता. मी जिंकले होते!

(तान्ह्या बाळाला झोप लागावी म्हणून आपण जायफळाचे दोन वेढे उगाळून देतो, हे मला त्या क्षणी आठवलं नाही. डोकं ठिकाणावर असतं तर आठवलं असतं. डोकं ठिकाणावर यायला कॉफी लागते.)

वसूने कप नेले. मुलाचे वडील, आई, मामा आणि आमचे हे, अशा चौघांनी घेतले. सुधीर म्हणाला, "मला पित्त होतं, थोडं कोकम सरबत चालेल." सासूबाईंनी आपला चहा घेतला.

"वा! मसालेदार आहे कॉफी," मामा म्हणाले. मामा निवृत्त फौजदार. मिशा अजून नोकरीत होत्या. "तर मुली, स्वयंपाक काय काय येतो?"

वसू पुरणपोळीपर्यंत पोचेतो मामांची मान छातीवर आली. मुलाच्या वडिलांनी "छान, छान" म्हणत डोळे मिटले ते मिटलेच. मुलाची आई भिंतीला टेकली आणि हळूहळू तक्क्यावर कलंडली. आमचे हे आधीच झोपले होते, पण ह्यांचं झोपणं आमच्याकडे कोणी धरत नाही.

मी आणि सासूबाई दाराआडून बघत होतो.

"सुमे, काय घातलंस त्यात?"

"जायफळ."

"किती?"

मी दोन बोटं दाखवली. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, चिमटी दोन की जायफळं दोन?" मी किसणीने सोललेली बोटं पुढे केली. सासूबाई मटकन खालीच बसल्या. "गेलं! चौथं स्थळ गेलं! माझ्या पोरीच्या नशिबी काय वाढून ठेवलंय कोण जाणे!" आणि त्या खरोखरच रडायला लागल्या. मलाही रडू आलं. त्या पोरीचं लग्न मी किसून टाकलं होतं.

बाहेर मात्र भलतंच चाललं होतं. थोरली माणसं घोरतायत म्हटल्यावर सुधीर आणि वसू हळू हळू बोलायला लागले, आणि मग वसू खुदकन हसली. तीन स्थळांत मिळून जेवढं बोलली नव्हती तेवढं ती त्या दीड तासात बोलली. मी सासूबाईंना खूण केली, चालू द्या. पण साडेपाच वाजले तशा सासूबाई घाबरल्या. "अगं, श्वास तरी चालू आहे का त्यांचा?" म्हणत त्या थेट मामांपाशी गेल्या आणि उपाय म्हणून आपल्या डबीतली चिमूटभर तपकीर त्यांनी मामांच्या नाकाशी धरली.

मामा अशा जोरात शिंकले की कपबश्या वाजल्या. डोळे उघडून बघतात तो काय, सगळे आडवे पडलेले, आणि एक बाई हातात तपकिरी पूड घेऊन तोंडावर वाकलेली!

"हातातली पुडी खाली टाका!" मामा गरजले. "गुंगीचं औषध! कोणी जागचं हलायचं नाही!"

"अहो मामा, तपकीर आहे ती," मी पुढे झाले.

"कॉफी तुम्ही केलीत?"

"हो."

"स्वतः घेतलीत?"

"नाही. मी सोडलीय."

"कधी?"

"अकरा दिवस झाले."

"आणि आमचं पत्र कधी मिळालं?"

"दहा दिवसांपूर्वी," मी खरं ते सांगितलं. (शिक्षिकेला खोटं बोलता येत नाही, हा या धंद्यातला मोठा दोष आहे.)

"ऐका! पत्र यायच्या बेतात कॉफी सोडली!" मामा मिशीवरून हात फिरवत म्हणाले. तोवर मुलाचे आईवडील उठून बसले होते, आणि मुलाच्या आईने हळूच गळ्यातलं मंगळसूत्र चाचपलं, ते मी पाहिलं.

"मामा, काहीतरीच काय!" सुधीर म्हणाला. "मी आणि वसू इथे जागेच होतो की!"

वसू? सगळ्यांच्या माना वळल्या. वसू लालबुंद झाली आणि तिने माझ्याकडे बघितलं. वहिनी, काहीतरी कर, असं स्पष्ट होतं त्या डोळ्यांत.

"ठीक आहे," मामा म्हणाले. "पातेल्यात उरली असेल. आमच्या समोर एक कप घ्या. अर्धा तास जाग्या राहिलात तर पुढची बोलणी. नाहीतर आम्ही निघालो."

आली का पंचाईत! प्यावी तर वसूच्या लग्नासाठी धरलेला नेम मोडतो. न प्यावी तर लग्नच मोडतं. मी सासूबाईंच्या कानाशी गेले. "काय करू?"

सासूबाईंनी एकदा गडूकडे बघितलं, एकदा वसूकडे. "पी," त्या म्हणाल्या.

"आणि गंगामाई?"

"तिच्याशी मी बघते. तू पी म्हटलं ना!"

अकरा दिवसांनी तो कप माझ्या हातात आला. डोळे मिटून मी पहिला घोट घेतला आणि डोळे उघडले. तसंच शेवटपर्यंत प्यायले, मामांच्या डोळ्यांत डोळे घालून. मग पदर खोचून भिंतीशी ताठ उभी राहिले. झोप? नाव काढायचं नाही! पापण्या जड व्हायला लागल्या तशी मी मोठ्याने पाढे सुरू केले. एकोणीस एके एकोणीस. तेवीस. मग एकोणतीस, जो भल्याभल्यांना येत नाही. एकोणतीस सत्ते दोनशे तीनपर्यंत पोचले, तोच समोरून घर्र असा आवाज आला. मामा घड्याळ हातात धरून परत झोपले होते!

मुलाची आई हसायलाच लागली. "दादाचं हे असंच! जेवून उन्हातून आलो, झोप लागायचीच हो. मी तर गुडघ्यांच्या दुखण्याने कित्येक महिन्यांत अशी गाढ झोपले नव्हते. आणि नणंदेसाठी जिथली वहिनी भिंतीशी उभी राहून पाढे म्हणते, त्या घरची मुलगी मला नको कशी होईल?"

वसूचं जमलं. पाहुणे गेल्यावर ती माझ्या गळ्यात पडून रडली, आणि या वेळी नळ बंद होता. मीही रडले. मग डोळे पुसले आणि कंबरेवर हात ठेवून सासूबाईंना म्हटलं, "वसूचं जमलं. नेम तुमच्याच शब्दावरून मोडला. आता उद्यापासून माझे पाच कप चालू!"

सासूबाई आत गेल्या. पातेल्याच्या तळाला राहिलेला घोट त्यांनी चमच्यावर घेतला, चाखला, जिभेवर घोळवला आणि न्यायाधीशाच्या थाटात बाहेर आल्या. "यात कॉफी आहे कुठे? हा तर जायफळाचा काढा! तुझा नेम शाबूत आहे, सुमे."

वसूची मुलं आता शाळेत जातात. त्या दिवसापासून आजतागायत मी कॉफी घेतलेली नाही. सासूबाईंशी वाद घालायची माझ्यात धमक नव्हती असं नाही. पण त्या कपातला एक घोट, निदान एक घोट, कॉफीसारखा लागला असता तर घातला असता!